मधल्या माणसाशी भांडण

मामा, तुमच्या तेरवीला मी रडायला गेले होते आणि जिंकून आले. शोभतं का हे? तेरवीच्या मांडवातून कुणी असं ताठ मानेनं बाहेर पडतं का? मामींनी पाहिलंच. म्हणाल्या, "काऊन वं मंगला, डोळे भरले हायेत अन् हासून राह्यली?" म्हटलं, "मामी, मामांशी एक भांडण होतं, त्याचा आज निकाल लागला." त्या म्हणाल्या, "मानूस गेल्यावर निकाल?" आता त्यांना त्या गर्दीत काय समजावणार. म्हटलं, तुम्हालाच सगळं सविस्तर लिहावं. अर्धवट गोष्ट तुम्हाला खपत नव्हती. गोष्ट सांगता सांगता एखाद्याचं गाव आलं तर त्याला पायरीवर उभं करून शेवट वदवून घ्यायचा आणि मगच घंटी द्यायची, ही तुमची रीत.

तुम्ही माझे सख्खे मामा नव्हता. नार्नूरच्याही पलीकडच्या, महाराष्ट्राला बाहेरून चिकटलेल्या गावांमधून सकाळी निघून उटनूर, इंद्रवेल्ली करत आदिलाबादला जाणारी आणि दिवेलागणीला परत येणारी जी लाल बस होती, तिचे तुम्ही कंडक्टर. तुमचं घर कापसाची पऱ्हाटी आणि ज्वारी पिकवणाऱ्यांचं. आमचं घर बौद्ध. आजोबांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वावरात निंदण केलं, बाबा शिकून मंडल ऑफिसात कारकून झाले. आपलं नातं असं काहीच नव्हतं. पण त्या रस्त्यावरची यच्चयावत पोरं तुम्हाला मामा म्हणायची, म्हणून मीही म्हणायचे. दार ज्याच्या हातात असतं त्याला मामा म्हटलेलं बरं, असं बाबा म्हणायचे.

तुमची माझी खरी ओळख झाली ती फिरत्या वहीमुळे. आमच्या मराठी शाळांना ना वाचनालय, ना प्रयोगशाळा. हैदराबाद लांब आणि तेलुगूत, नागपूर लांब आणि दुसऱ्या राज्यात. तेव्हा आमच्या गावच्या गुरुजींनी डोकं लढवलं: एक जाड रजिस्टर आणि बसच्या रस्त्यावरच्या पाच शाळा. पोरांनी वहीत प्रश्न लिहायचे, दुसऱ्या शाळेच्या पोरांचे प्रश्न वाचून जमतील ती उत्तरं लिहायची, दोन दिवसांनी वही बसमध्ये द्यायची. प्रश्नाखाली नाव, गाव आणि इयत्ता लिहायची सक्ती होती. निनावी प्रश्न गुरुजींना चालत नसे. म्हणायचे, ज्याला नाव सांगायची लाज वाटते त्यानं विचारूच नये.

वही एका शाळेतून दुसऱ्या शाळेत न्यायचं काम तुमच्याकडे आलं. नेणाऱ्यानं गुमान न्यावी की नाही? पण तुम्ही नुसते नेणाऱ्यातले नव्हताच. तिकिटं देऊन झाली की इंजिनाजवळच्या सीटला टेकून तुम्ही वही उघडायचे आणि प्रश्न मोठ्यानं वाचायचे, भर बसमध्ये. "ऐका हो! मोहाची फुलं पहाटेच काऊन गळते? सहावीतल्या पोट्टीनं इचारलं हाय. कोनाले येते?" मग बाजाराला निघालेल्या बाया, कापसाच्या गाठोड्यावर बसलेले शेतकरी, गोंड म्हातारे, सगळे कामाला लागायचे. त्या मोहाच्या प्रश्नाला एका गोंड आजोबांनी उत्तर दिलं होतं की पहाटे फुलाला तुडवणारं कुणी नसतं, म्हणून ते तेव्हा खाली येतं. तुम्ही ते तुमच्या वाकड्या अक्षरात लिहून घेतलं आणि खाली टीप टाकली: "सांगनार, एक म्हातारबा, इंद्रवेल्लीले उतरले." ग्रहणात गरोदर बाईनं भाजी चिरली तर काय होतं, असं कुणी विचारलं होतं. उत्तर: "भाजी होते. सांगनार, नर्सबाई, उटनूर." आमच्या वर्गात हे उत्तर वाचून गुरुजी डोळ्यांत पाणी येईतो हसले होते.

आज कॉम्प्युटर शिकलेली मी सांगते, ती वही म्हणजे आमच्या भागातलं पहिलं नेटवर्क होतं. तेव्हा हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, तुम्हाला तर नव्हताच. तुम्हाला एवढंच ठाऊक की प्रश्न बसमध्ये चढला की तो सगळ्या बसचा झाला.

आणि माझा राग बरोबर त्यावरच होता.

आठवीला मी मोठ्या गावच्या शाळेत गेले. गावाचं नाव लिहीत नाही. तिथले हेडमास्तर मामींचे सख्खे भाऊ, म्हणजे तुमचे मेहुणे. शाळेच्या व्हरांड्यात पाण्याचा रांजण होता आणि लांब दांड्याचं ओगराळं. बाकीची पोरं आपल्या हातानं पाणी घ्यायची. आमच्या वस्तीतल्या सहा जणांनी ओंजळ धरायची आणि दुसऱ्या कुणी वरून ओतायचं. ओतणारं कुणी नसलं तर थांबायचं. याबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता, हेडमास्तरांनी नाही आणि आम्हीही नाही. आणि त्याच शाळेत फिरती वही बसपर्यंत पोचवायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी पळण्यात पहिली. म्हणजे माझ्या हातची वही पाच गावांना चालत होती आणि माझ्या हातचं ओगराळं एका शाळेला चालत नव्हतं.

एक दिवस तहान लागून मी अख्खी मधली सुट्टी रांजणापाशी उभी राहिले. ओतणारी पोरं लंगडी खेळत होती. घंटा झाली, तशी मी वर्गात जाऊन बसले आणि वही उघडली. लिहिलं: "आमच्या शाळेत आम्हाला पाणी वरून ओततात. माझ्या हातानं वही बाटत नाही, तर ओगराळं कसं बाटतं? मंगला वामन वाघमारे, इयत्ता आठवी." त्याखाली गावाचं नावही लिहिलं. वही कुणाला न दाखवता धावत येऊन तुमच्या हातात दिली. तुम्ही "रैट रैट" म्हणालात, बस निघाली आणि मला वाटलं, आता हा प्रश्न पाच गावं हिंडून येणार. एवढा आनंद मला दहावीच्या निकालालासुद्धा झाला नाही.

वही फिरून परत आली. माझं पान नव्हतं. शिवणीत फाडल्याचा दातेरी काठ तेवढा अडकून राहिला होता.

मी बसमध्ये चढून तुम्हाला विचारलं, "मामा, माझं पान?"

"कोनतं पान?"

"पाण्याचं."

तुम्ही हातातल्या तिकिटांच्या गठ्ठ्याशी चाळा करत म्हणालात, "पडलं असंन वं कुठीतरी. जुनी वही हाय."

"पडलेल्या पानाला दात नसतात, मामा."

बस भरलेली होती. तुम्ही खाली वाकलात आणि हळूच म्हणालात, "मंगले, तुले दहावी पास व्हाचं हाय का नाई?"

संपलं. मला जे समजायचं ते मी समजले. मेहुण्याची अब्रू वाचवली यांनी. बसमध्ये सगळ्या गावाचे प्रश्न वाचतात आणि घरच्या माणसावर आलं की पान फाडतात. त्या दिवसापासून मी तुम्हाला मामा म्हणणं सोडलं. बाजाराला निघाले की म्हणायचे, "कंडक्टर, एक उटनूर." तुम्हीही काही कमी नव्हता. "घ्या, मॅडम." चौदा वर्षांच्या पोरीला मॅडम म्हणून तिकीट देणारा कंडक्टर अख्ख्या जिल्ह्यात दुसरा नसेल. दोन वर्षं आपण असं बोललो.

त्याच पंधरवड्यात शाळेतलं ओतणं बंद झालं. एका सकाळी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी ओगराळं रांजणाच्या गळ्यात दोरीनं टांगलं आणि म्हणाले, "ज्यानं त्यानं आपल्या हातानं घ्यावं. फालतू येळ जाते." तपासणीला साहेब येणार अशी हूल होती, तेव्हा आम्ही समजलो की साहेबांच्या धाकानं झालं. साहेब काही आले नाहीत. मी आपल्या हातानं पाणी प्यायले, पोटभर प्यायले, पण राग गेला नाही. मला नुसतं पाणी नको होतं, उत्तर हवं होतं. मी नाव लिहून विचारलं होतं. कुणीतरी तसंच समोर येऊन सांगायला हवं होतं की बाटतं की नाही बाटत.

पुढे मी कॉम्प्युटरकडे का वळले ते घरी कुणाला कळलं नाही. बाबांना वाटलं नोकरी लागते म्हणून. खरं कारण तुम्ही होता. आदिलाबादच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला आमच्या लेक्चररांनी सांगितलं की इंटरनेटवर निरोप पाठवला की त्याचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता असतो, ते वाटेतल्या अनेक मशीनमधून पुढे पुढे जातात आणि शेवटी पोचल्या ठिकाणी जुळतात. मधली मशीन फक्त पत्ता बघते, आत काय आहे ते बघत नाही. वर्गातल्या बाकीच्यांनी वहीत उतरवून घेतलं. मी मात्र पेन खाली ठेवून बसून राहिले. माझ्या डोळ्यांपुढे तुमचा हात होता, वहीतून पान फाडणारा. म्हटलं, मंगला, हेच शिकायचं. जिथे मधे कंडक्टर नाही असा रस्ता.

कॉलेजात गेल्यावर आपलं बोलणं परत सुरू झालं, पण सरळ कधी झालं नाही. दर शनिवारी मी तुमच्या बसनं गावी यायचे आणि नार्नूरपर्यंत आपण वाद घालायचो. मी म्हणायचे, मधला माणूस म्हणजे अडथळा. तुम्ही म्हणायचे, "मधातला मानूस नसला तं हरवलेली वही परत कोन आनीन?" मी म्हणायचे, हरवणारच नाही. तुम्ही म्हणायचे, "मशीन तुये तुकडे उघडू शकते का नाई?" मला कबूल करावं लागायचं, "शकते, पण उघडत नाही." "उघडू शकते अन् उघडत नाई, मंग थे मशीन मायापरीस लय शानं हाय." सगळी बस हसायची. मला हसू यायचं, पण मी खिडकीबाहेर तोंड करून बसायचे.

शेवटच्या वर्षी माझा सेमिनार होता, विषय वेब. मी तुम्हाला मुद्दाम बोलावलं. खरं सांगते, हरवायला बोलावलं. तुम्ही साप्ताहिक सुट्टी असूनही खाकी घालून आलात आणि शेवटच्या बाकावर बसलात. इंग्रजी माझं लंगडं, म्हणून मी अर्धं तेलुगूत, अर्धं इंग्रजीत सांगत होते, आणि समजावायला बस घेतली. निरोपाची गाठोडी, गाठोड्यांवर पत्ते, एक इंद्रवेल्लीवरून जातं, एक बेल्लमपल्लीवरून फिरून येतं, एक रस्ता बंद असला तर दुसरा. शेवटी मी तुमच्याकडे बघत म्हणाले, "या बसला कंडक्टर नाही. त्यामुळे कुणाचं पान वाटेत फाडलं जात नाही." लेक्चररांना ते वाक्य फार आवडलं. टाळ्या पडल्या.

प्रश्नांच्या वेळी तुमचा हात वर झाला. तुम्ही आधी तेलुगूत आणि मग माझ्यासाठी आपल्या भाषेत विचारलं, "कोनी फाडत नाई म्हनते, बरं हाय. पन कोनी मोठ्यानं वाचते का? एखाद्यानं लय कामाचं इचारलं, अन् ज्यानं उत्तर द्याचं त्यो मानूस गाठोडं उघडूनच पाहत नाई, तं मंग?"

मी म्हणाले, "ते ज्याचं त्यानं ठरवायचं. नेटवर्क जबरदस्ती करत नाही." पुन्हा टाळ्या. माझा पहिला नंबर आला.

बाहेर तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. "जितली तू. लय भारी बोलली. पन मायं एक उत्तर राह्यलं हाय. सांगीन कधी." मी म्हटलं, आत्ताच सांगा. तुम्ही म्हणालात, "आता तुया नंबर आला हाय, आता कायले?" आणि गेलात.

ते उत्तर तुम्ही सांगितलं नाहीत.

त्यानंतर मी काय केलं ते तुम्हाला माहीतच आहे. शहरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये फोनच्या तारेवर इंटरनेट आलं होतं. जोडायच्या आधी ते मशीन असं किंचाळायचं की शेजारचा शिंपी खिडकी लावून घ्यायचा. तिथे बसून मी फिरत्या वहीचं वेबपेज केलं. आपली अक्षरं कुणाच्याच कॉम्प्युटरवर नीट दिसत नव्हती, सगळा चिवडा दिसायचा. मग लग्नपत्रिका छापणाऱ्याच्या दुकानातल्या स्कॅनरवर वहीच्या पानांचे फोटो काढले आणि तेच चढवले. पोरांचं अक्षर, तुमच्या टिपा, शाईचे डाग, सगळं. आणि मामा, उत्तरं आली! कुठून कुठून आली. परदेशातल्या एका मराठी बाईनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं की मोहाच्या फुलांचं ते उत्तर तिनं कागदावर उतरवून स्वयंपाकघरात लावलंय. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी कापसाच्या बोंडअळीवर दोन पानं पाठवली. मी क्लासमध्ये उड्या मारल्या. शिंप्याला वाटलं लॉटरी लागली.

पण गावच्या शाळांत कॉम्प्युटर कुठे? तेव्हा ही उत्तरं छापून पाकिटात घालून पुन्हा तुमच्याच हातात द्यावी लागली. आणि मी काय केलं? पाकिटं डिंकानं चिकटवली, वर लिहिलं, "न उघडता शाळेत द्यावे." टोमणा होता तो. तुम्ही वाचलात, हसलात आणि पाकीट छातीच्या खिशात घातलंत. सहा महिने तुम्ही ती पाकिटं नेलीत. बसमधल्या बाया विचारायच्या, काय आलं हो परदेशातून, वाचा ना. तुम्ही म्हणायचे, "नाई बा, मंगलाची मनाई हाय." जन्मभर ज्या माणसानं आलेला कागद मोठ्यानं वाचला, त्याला मी सहा महिने गप्प बसवलं. हे आठवलं की मला माझ्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

मग एका शनिवारी बसच्या दारात दुसराच कंडक्टर उभा होता. साता समुद्रापलीकडची पत्रं क्षणात वाचणारी मी, तुम्ही गेल्याचं मला चार दिवसांनी, पायरीवर एक पाय ठेवल्यावर कळलं. मी खाली उतरले. बस निघून गेली. स्टँडवरच्या बाकावर बसून मी आधी तुम्हाला शिव्या घातल्या, की उत्तर सांगायचं राहिलं ना तुमचं, आणि मग रडले.

आता तेरवीचं सांगते.

पंगत बसायला वेळ होता. यादगिरी ड्रायव्हर मांडवाच्या खांबाला टेकून बसले होते. तुमच्या बसचं चाक त्यांच्या हातात कितीक वर्षं होतं, त्यांचं तेलुगू आणि तुमचं मराठी एकमेकांत मिसळून गेलेलं. मला पाहून म्हणाले, "आओ, पानीवाली लडकी."

म्हटलं, "कुठली पाणीवाली?"

"मालूम नै तुमको? बोला नै उसने?" त्यांनी कपाळावर हात मारला. "सात साल हुए, अम्मा. सात साल में एक दिन नै बोला?"

मग अर्ध्या हिंदीत, अर्ध्या आपल्या भाषेत त्यांनी जे सांगितलं ते असं. मी वही दिली त्या दिवशी तुम्ही माझं पान वाचलंत, नेहमीसारखं मोठ्यानं नाही, मनात. तीन वेळा वाचलंत. मग ते फाडून घडी करून खिशात ठेवलंत आणि यादगिरींना म्हणालात, "हे नावासकट त्या शाळेत परत गेलं तं पोट्टीची शाळा सुटते." दुसऱ्या दिवशी हेडमास्तर कामासाठी उटनूरला निघाले आणि तुमच्याच बसमध्ये चढले. बस गच्च भरलेली. सगळ्यांची तिकिटं झाली. यादगिरी इंजिन चालू करून घंटीची वाट बघत बसले. घंटी येईना. आरशात बघतात तर तुम्ही पायरीवर उभे, हातात माझा कागद.

"एका लेकरानं इचारलं हाय," तुम्ही म्हणालात, आणि प्रश्न वाचलात. नाव वाचलं नाहीत, गाव वाचलं नाहीत. "उत्तर सांगा. उत्तर आल्याशिवाय घंटी नाई."

एका आजीबाईंनी कुरकूर केली, "नाई बाटत रे बापा, काई नाई बाटत, चाल आता, माया लेकीले दवाखान्यात नेलं हाय." तुम्ही कागदाच्या मागे लिहून घेतलंत: एक आजी, नाई बाटत. मग एक शेतकरी म्हणाला, नाई बाटत. एक म्हणाला, बाटते, आमच्यात तसंच हाय. तेही तुम्ही लिहिलंत. मग तुम्ही पहिल्या सीटकडे पाहिलंत. "मास्तर लोकायचं उत्तर राह्यलं."

हेडमास्तर लाल झाले. "भाऊजी, घरी बोलू."

"घरी तं रोजच बोलतो. हा सवाल बसमधला हाय."

यादगिरींनी इंजिन बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. आजीबाई रडकुंडीला आल्या, मागच्या बाकावरून लोक ओरडू लागले, मास्तर, बोला ना बा एकदाचं. शेवटी हेडमास्तर खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "नाई बाटत."

घंटी झाली. बस उशिरा पोचली म्हणून तुम्हाला मेमो मिळाला. तो कमी होता म्हणून की काय, हेडमास्तरांनी दोन वर्षं तुमच्या घराची पायरी चढली नाही, आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाला मामी एकट्याच गेल्या. आणि मी त्याच दोन वर्षांत तुम्हाला "कंडक्टर, एक उटनूर" म्हणत होते. तुम्ही मला तिकीट देत होता. यादगिरी म्हणाले की त्यांनी तुम्हाला एकदा विचारलं होतं, पोरीला सांगून का टाकत नाही? तुम्ही म्हणालात, "सांगतलं तं थे शाळेत फुशारकी मारीन. नाव फुटलं तं मेहुना तिले सोडनार नाई. दहावी होऊ दे." दहावी झाली. मग मी इतकी मोठी झाले, इतकं छान भांडू लागले, की तुम्हाला माझा विजय मोडवला नाही.

मामा, तुम्ही मला विचारायला हवं होतं. हे मी आजही म्हणते, तेरवीच्या दुसऱ्या दिवशीही म्हणते. पान माझं होतं, नाव माझं होतं, लपवायचं की नाही ते मी ठरवायचं. यावर मी तुमच्याशी वर येऊनसुद्धा भांडेन. आणि सेमिनारमध्ये मी जे बोलले ते चूक होतं, हेही आजच कबूल करते. मधल्या माणसानं वाचलं नसतं तर तो प्रश्न वहीत वाळून गेला असता. पाच गावच्या पोरांनी उत्तरं लिहिली असती, छान अक्षरात, आणि रांजणापाशी आम्ही ओंजळ धरून उभेच राहिलो असतो.

मी असंच काहीतरी यादगिरींना म्हणत होते तेवढ्यात हेडमास्तर आले. रिटायर झालेत, पाठ वाकली आहे. तुमच्या घरचं कार्य तेच बघत होते. यादगिरींकडे बघून म्हणाले, "त्या बसचंच सांगून राह्यला असंन हा. भाऊजी गेल्यापासून जो भेटंन त्याले सांगते." मग माझ्याकडे वळले. "सात वरसं मी भाऊजीले इचारलं, कोनत्या लेकराचं होतं थे? मरेस्तोवर सांगतलं नाई मानसानं. म्हने, तुमी मास्तर हा, सगळ्यायचं समजा."

मामा, तुम्ही सात वर्षं जपलेलं ते एका मिनिटात मी उघड केलं. मी उठून उभी राहिले. मांडवात पंगतीसाठी थांबलेले सगळे बघत होते. म्हटलं, "मी लिहिलं होतं, सर. मंगला वामन वाघमारे. तुमच्याच शाळेतली, आठवीतली." आवाज एवढा चढला की आचारीसुद्धा चुलीपासून वळून बघू लागला. मला मुळीच लाज वाटली नाही.

हेडमास्तरांच्या हातातली पत्रावळ वाकली. मग म्हणाले, "त्या दिवशी बसमधी मी जे म्हनलं, थे बस सुटावं म्हनून म्हनलं होतं. खिडकीकडे पाहून म्हनलं होतं." बोलताना त्यांनी नजर माझ्यावरून काढली नाही. "आता तुले म्हनतो. नाई बाटत, मंगला. तवाही बाटत नव्हतं."

सात वर्षांनी माझ्या प्रश्नाला उत्तर आलं. ते माझ्या नावानं आलं, माझ्या तोंडावर आलं, ज्यानं द्यायचं त्यानं दिलं आणि सगळ्या मांडवानं ऐकलं. मला हवं होतं अगदी तसं, मधे कुणीही नव्हतं. तुम्हीसुद्धा नव्हता, मामा.